वीज गेल्यावरही उरणारी स्मृती

पांढुर्णा आणि सौंसर मतदारसंघांत १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले आणि ३ डिसेंबरला मोजणी. मधले पंधरवडाभर यंत्रे बंद, मोहरबंद होती. तरी मते जशीच्या तशी राहिली. वीज नसतानाही नोंद जपणाऱ्या या स्मृतीला आपण टिकाऊ स्मृती म्हणू. संगणकातील नेहमीची स्मृती, म्हणजे डीरॅम, हिच्या उलट वागते. ती पाटीवरच्या अक्षरासारखी, आणि पाटीही अशी की साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सारे पुन्हा गिरवावे लागते!

मग डीरॅमच्या जागी टिकाऊ स्मृतीच का बसवू नये? हे अजमावण्यासाठी यंत्र बनविण्याआधी त्याची प्रतिकृती सिम्युलेटरमध्ये चालवून पाहतात. २०११ साली दोन जुने प्रकल्प एकत्र करून झालेला ‘जेम-फाइव्ह’ हा असाच एक सिम्युलेटर. त्यात टिकाऊ स्मृतीचा एक तयार नमुना मिळतो: वाचनाला १५० नॅनोसेकंद, लेखनाला ५००.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे अंदाजपत्रकासारखे वाटेल, आणि ते तसेच आहे. आकडे आपण भरायचे, बेरीज यंत्राने करायची. डीरॅमचाच वेळ वाढवून एका आकड्यावर भागवले, तर वाचन आणि लेखन यांतील तफावत खात्यातून गळते. लेखन संथ असल्याने ते रांगेत थांबते. ही रांग किती लांब धरायची, तेही सांगावे लागते. शिवाय कोणते पत्ते डीरॅमकडे आणि कोणते टिकाऊ स्मृतीकडे, ही वाटणी आधीच ठरवावी लागते.

आकडे आणायचे कोठून, हा खरा प्रश्न. इंटेलची ‘ऑप्टेन’ स्मृती २०१९ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी मोजली. क्रमाने वाचल्यास १६९ नॅनोसेकंद, वाटेल तेथून वाचल्यास ३०५! कारण ती आतून २५६ बाइटांचा गठ्ठा एकदम उचलते. शेजारचे हवे असेल तर ते हाताशीच असते. (या मोजणीत प्रोसेसरपासूनचा प्रवासही धरलेला आहे, नमुन्यातील १५० शी थेट तुलना करू नये.) २०२२ साली इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले, मोजमापे मात्र आजही उपयोगी पडतात.

एक गंमत राहिली. सिम्युलेटरमधली टिकाऊ स्मृती स्वतः टिकाऊ नसते. ती चालविणाऱ्या संगणकाच्या साध्या डीरॅममध्येच असते, आणि प्रयोग संपला की पुसली जाते. वीज गेल्यानंतरची स्थिती तपासायची असेल, तर त्या क्षणीची सारी स्मृती ‘चेकपॉइंट’ म्हणून डिस्कवरील फाइलमध्ये उतरवून ठेवावी लागते.