अर्धा चेहरा अचानक का रुसतो?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एकाच कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर तोंड वाकडं, एक डोळा मिटतच नाही. ‘वारं गेलं’ म्हणून घर हादरतं. पण बिघाड दर वेळी मेंदूतच असतो असं नाही.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी चेहऱ्याचे स्नायू हलवते. चेहऱ्यावर येण्याआधी ती कानाजवळच्या हाडातल्या नागमोडी बोगद्यातून जाते. हा बोगदा सुमारे 3 सेंटीमीटर लांब, आणि सुरुवातीला तर एक मिलिमीटरहूनही अरुंद. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी सुजलेली नस इथे आवळली जाते आणि मेंदूचे हुकूम अडतात. सुजेमागे बहुधा ओठांवर फोड आणणारा विषाणू असावा. हा आजार म्हणजेच ‘बेल्स पाल्सी’; नाव स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्यावरून.

गंमत म्हणजे हीच नस जिभेच्या पुढच्या भागाची चवही वाहते आणि कानातल्या एका इवल्या स्नायूला आवरते. म्हणून जेवण बेचव लागतं, पडलेलं भांडं कानठळ्या बसवतं.

मग पक्षाघात कसा ओळखायचा? कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. त्यामुळे पक्षाघातात भुवया सहसा उचलता येतात. नसच आवळली तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. अर्थात ही परीक्षा डॉक्टरांची. घरी वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावं. बेल्स पाल्सीत स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू झाल्यास जास्त उपयोगी पडतं. बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात; तोवर उघडा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब आणि झोपताना पट्टी.