परवानगीविना वाचलेली पुस्तके

फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलीस खात्याचे अधिकारी मॉस्कोत कादंबरीकार वासिली ग्रोसमन यांच्या घरी झडतीला आले. ग्रोसमन यांना त्यांनी अटक केली नाही. त्यांनी नेली ती ‘जीवन आणि नियती’ ही कादंबरी: हस्तलिखित, टाइप केलेल्या प्रती, टाइप करताना वापरलेले कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबनीसुद्धा. कार्बनवर उमटलेले शब्दही मागे राहू नयेत, इतकी काळजी त्यांनी घेतली.

विरोधकांना तुरुंगात टाकणे एवढ्यावर सर्वंकष सत्तेचे भागत नाही. एका माणसाचा विचार दुसऱ्यापर्यंत ज्या वाटेने पोहोचतो, ती वाटच तिला ताब्यात हवी असते. सोव्हिएत संघात ही वाट कशी अडवली होती आणि साध्या वाचकांनी ती कशी मोकळी केली, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पुस्तक अडवणारी यंत्रणा

पहिला टप्पा लेखकाचा. १९३२ मध्ये साहित्यिकांचे वेगवेगळे गट बरखास्त करून एकच लेखक संघ स्थापण्याचे ठरले. १९३४ मध्ये त्याचे पहिले अधिवेशन भरले आणि ‘समाजवादी वास्तववाद’ ही अधिकृत लेखनपद्धती ठरली. पुस्तके निघणे, राहायला घर, विश्रांतिगृहात जागा, हे सारे संघाच्या सदस्यत्वाशी जोडलेले होते. संघाबाहेरच्या माणसाला लेखक म्हणून ओळखच नव्हती. १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर खटला चालला तो ‘ऐतखाऊपणा’चा. कविता करणे आणि अनुवाद करणे हे काम मानले गेले नाही आणि त्यांना पाच वर्षांसाठी उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क प्रांतात पाठवण्यात आले.

दुसरा टप्पा संपादकाचा. छापखाने, प्रकाशनसंस्था आणि मासिके सरकारच्या किंवा पक्षाच्या हातात होती. चुकीचा मजकूर पुढे गेला तर जाब संपादकाला द्यावा लागे, म्हणून वरून आदेश येण्याआधीच तो शंकास्पद ओळी काढून टाकी.

तिसरा टप्पा ग्लावलित या सेन्सॉर खात्याचा. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याकडे छापू नये अशा विषयांची गुप्त यादी असे. लेखकाची आणि सेन्सॉरची सहसा गाठच पडत नसे. आक्षेप संपादकाच्या तोंडून येत आणि तेही बहुधा वाङ्मयीन सूचनांच्या रूपात. ग्लावलितच्या मंजुरीशिवाय छपाई होत नसे.

चौथा टप्पा ग्रंथालयाचा. आधी छापलेली पण आता नकोशी झालेली पुस्तके बंद विभागात ठेवली जात आणि ती पाहायला खास परवाना लागे. १९५३ मध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला अटक झाल्यावर ‘महान सोव्हिएत ज्ञानकोशा’च्या वर्गणीदारांकडे नवी पाने पाठवण्यात आली. बेरियावरची नोंद कापून तिथे बेरिंग समुद्रावरचा विस्तृत मजकूर चिकटवावा, अशी सूचना सोबत होती.

शेवटचा टप्पा कायद्याचा. रशियाच्या फौजदारी संहितेतील कलम ७० नुसार ‘सोव्हिएतविरोधी प्रचारा’साठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शके. १९६६ मध्ये आंद्रेई सिन्याव्स्की आणि युली दानिएल या लेखकांना या कलमाखाली अनुक्रमे सात आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. टोपणनावाने कथा-लेख परदेशात छापले, हा त्यांचा गुन्हा.

या पाच टप्प्यांचा खरा परिणाम लेखकाच्या टेबलावर होत असे. पुढे काय कापले जाईल हे ठाऊक असल्याने बरेचसे लिहिण्याआधीच गळून पडे.

पाठांतर ते टाइपरायटर

स्टालिनच्या काळात कागद जवळ बाळगणेही जिवावर बेतणारे होते. १९३० च्या दशकात आना अख्मातोवा यांनी मुलाच्या अटकेनंतर तुरुंगाबाहेरच्या रांगांत उभ्या राहिलेल्या बायकांच्या दुःखावर ‘रेक्विएम’ हे काव्य रचले. त्या काही ओळी कागदाच्या तुकड्यावर लिहीत, विश्वासातली मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया त्या पाठ करी आणि मग तो तुकडा जाळला जाई. हे काव्य कित्येक वर्षे मोजक्या माणसांच्या स्मरणात जगले.

१९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर भीती थोडी सैल झाली आणि टाइपरायटर कामाला आला. या खासगी प्रकाशनाला ‘समिज्दात’ म्हणत. पातळ कागदांच्या मध्ये कार्बन घालून कळा जोराने दाबल्या की एका वेळी पाच-सहा प्रती निघत. तळची प्रत पुसट असे. कागद वाचावा म्हणून ओळी दाटीवाटीने, समास जवळजवळ नाहीच. प्रत हातात येई ती बहुधा एका रात्रीपुरती. मित्र एकत्र बसत आणि वाचलेले पान शेजाऱ्याकडे सरकवत. मजकूर आवडला तर वाचक स्वतः टाइप करून आपल्या प्रती काढी. पाच प्रतींपैकी प्रत्येकीतून आणखी पाच निघाल्या की पंचवीस, पुढच्या फेरीत सव्वाशे. मूळ प्रत कुठे आहे याला मग महत्त्व उरत नसे आणि झडतीत सापडलेल्या एका गठ्ठ्याने पुस्तक संपत नसे.

एप्रिल १९६८ मध्ये याच पद्धतीने ‘चालू घडामोडींचा वृत्तान्त’ हे पत्र सुरू झाले. पहिल्या संपादक होत्या कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया. अटका, खटले, झडत्या, छावण्यांतली स्थिती यांच्या नोंदी त्यात विशेषणांशिवाय असत आणि आधीच्या अंकातल्या चुका पुढच्या अंकात दुरुस्त केल्या जात. माहिती गोळा करण्याची रीत सोपी होती. तुम्हाला अंक ज्याने दिला त्याला बातमी सांगायची, तो आपल्याला अंक देणाऱ्याला सांगेल. प्रत्येकाला फक्त शेजारची कडी माहीत असे, त्यामुळे एक जण पकडला गेला तरी सगळी साखळी उघडी पडत नसे. हे पत्र १९८३ पर्यंत चालले.

याची किंमत

गोर्बानेव्स्काया यांना १९६९ च्या अखेरीस अटक झाली आणि पुढे मनोरुग्णालयात डांबण्यात आले. लेखक सोल्झेनित्सिन यांच्या ‘गुलाग द्वीपसमूह’ या सोव्हिएत श्रमछावण्यांवरच्या ग्रंथाची प्रत लेनिनग्राडच्या एलिझावेता वोरोन्यान्स्काया यांनी टाइप केली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये केजीबीने कित्येक दिवस चौकशी करून त्यांच्याकडून लपवलेल्या प्रतीचा ठावठिकाणा काढला. त्यानंतर लवकरच त्या गळफास लागलेल्या अवस्थेत आढळल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये लेखकाला देशाबाहेर काढण्यात आले.

ग्रोसमन १९६४ मध्ये वारले. कादंबरी कायमची गेली असती, पण एक प्रत त्यांनी कवी सिम्योन लिपकिन या मित्राकडे ठेवली होती. पुढे तिची मायक्रोफिल्म देशाबाहेर गेली आणि १९८० मध्ये लोझानमध्ये पुस्तक निघाले. ‘रेक्विएम’ १९८७ मध्ये आणि ‘जीवन आणि नियती’ १९८८ मध्ये सोव्हिएत मासिकांत छापून आली. १९९० च्या कायद्याने सेन्सॉरशिप रद्द झाली.

ही पुस्तके वाचली एखाद्या संघटनेच्या सैन्याने नव्हे, प्राध्यापक, अभियंते, टंकलेखक, विद्यार्थी यांनी. अडवणारी यंत्रणा टेबलाटेबलावर बसलेल्या माणसांच्या होकारावर चालत होती: संपादकाच्या, ग्रंथपालाच्या, शेजाऱ्याच्या. तो होकार न देणारा प्रत्येक वाचक तिचा एक टप्पा निकामी करत होता. म्हणून व्यक्तीचे स्वातंत्र्य मोजताना राज्यघटनेतील कलमे वाचणे पुरेसे नाही. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या राज्यघटनेत भाषणाचे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य लिहिलेलेच होते. लिहिलेले पान दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी नागरिकाला कोणाला विचारावे लागते, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि उत्तर चुकीचे निघाले तर ते पान तरीही पुढे देणारी माणसे लागतात.