मूळ आणि शेंडा

डोक्यावरचा केस हा जिवंत शरीराचा निर्जीव भाग आहे. हे विधान प्रथम ऐकताना काहीसे विचित्र वाटेल; परंतु केस कापताना वेदना होत नाही आणि तोच केस उपटला तर डोळ्यांत पाणी येते, या नित्याच्या अनुभवातच त्याचा पुरावा आहे. जीव असतो तो त्वचेखालच्या मुळात. त्वचेबाहेर येतो तो केराटीन नावाच्या प्रथिनाचा घट्ट विणलेला तंतू. कातडीवरची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. केस मात्र एकदा बिघडला की आपला आपण दुरुस्त होत नाही. रासायनिक द्रव्यांनी सरळ केलेले केस खराब झाले तर काय करावे, या प्रश्नाचा विचार करताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी सहज उलगडतात.

हा प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात उभा राहिला. गॅरेट मॉर्गन या क्लीव्हलँड शहरातील कल्पक कारागिराचे शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान होते. वेगाने चालणाऱ्या सुईमुळे लोकरी कापड करपू नये म्हणून तो एक द्रव तयार करीत होता. हात पुसलेल्या फडक्यावरचे तंतू त्या द्रवाने सरळ झालेले त्याला दिसले, असे सांगतात. १९१३ साली त्याने केस सरळ करणारे मलम विकणारी कंपनी काढली. धुरापासून बचाव करणारा मुखवटा आणि रस्त्यावरचा वाहतूक-संकेत यांचे एकस्व मिळवणारा मॉर्गन तो हाच. पुढे कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी एकत्र घोटून घरीच लेप करण्याची चाल पुरुषांत पडली. माल्कम एक्स याने १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या डोक्याला लागलेल्या त्या आगीचे वर्णन केले आहे, आणि तो सारा खटाटोप म्हणजे स्वतःचाच अपमान होता, असा निर्वाळाही दिला आहे.

एवढा दाह माणसे का सोसत होती? गुलामगिरी कायद्याने संपली, तरी गोऱ्यांचे सरळ केस हेच नीटनेटकेपणाचे माप राहिले. नोकरी, शाळा, समाजातील मान या साऱ्यांचा संबंध केसांच्या वळणाशी जोडला गेला. केसांची ठेवण पाहून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने केला तो २०१९ साली, यावरून ही गोष्ट किती खोल रुजली होती हे कळून येईल. म्हणून या स्त्रियांना ‘हौसेची शिक्षा’ म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता या मलमांचे कार्य पाहू. केसाच्या गाभ्यातील प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केसाचा आकार आणि बळकटी या दुव्यांवर अवलंबून असते. त्या गाभ्यावर, कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे, एकावर एक चढलेल्या खवल्यांचे आवरण असते. मलमातील कॉस्टिक सोडा अत्यंत तीव्र अल्क असून त्याचा सामू बाराच्या वर जातो. तो केस फुगवतो, कौले उचकटतो, आत शिरतो आणि गंधकाचे दुवे तोडतो. दोन गंधक-अणूंपैकी एक निघून जातो आणि उरलेल्यावर नवा दुवा तयार होतो. हा बदल पुन्हा उलटवता येत नाही. ‘कॉस्टिकविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत बहुधा आपण विड्याच्या पानाला लावतो तोच चुना असतो आणि त्यात दुसरे एक द्रव्य आयत्या वेळी मिसळतात. त्याने टाळूचा दाह थोडा कमी होतो. पण चुन्याचा अंश केसांवर बसून ते रुक्ष होतात.

अशा केसाची ताकद कमी होते. आवरणावरचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून गेल्याने तो पाणी भरभर शोषतो, ओला असताना ताणला की तुटतो आणि शेंड्याला फाटे फुटतात. सर्वांत मोठे नुकसान होते ते एकदा सरळ केलेल्या भागावरच पुन्हा मलम लावल्याने. नियम असा की, मलम फक्त नव्याने वाढलेल्या मुळाजवळच्या केसाला, आणि तेही निदान आठ ते बारा आठवड्यांच्या अंतराने लावावे. ठरल्या वेळेपेक्षा एक मिनिटही अधिक ठेवू नये. आणि नंतर अल्काचा अंश पूर्ण नाहीसा करणाऱ्या साबणाने केस धुवावेत.

मग बिघडलेला केस पूर्ववत करण्याची जी आश्वासने बाटल्यांवर छापलेली असतात, त्यांचे काय? सरकारी अंदाजपत्रकात ‘नवे बांधकाम’ आणि ‘देखभाल व दुरुस्ती’ अशी निराळी शीर्षे असतात. केसांच्या अंदाजपत्रकात नवे बांधकाम आहे, देखभालही आहे. दुरुस्तीचे शीर्ष मात्र जवळजवळ रिकामे आहे. प्रथिनयुक्त लेप केसाच्या भेगा काही दिवस बुजवतात, पण अती लावल्यास केस ताठर होऊन तुटतो. कंडिशनरमधील धनभारित द्रव्ये बिघडलेल्या केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात. त्यामुळे कंगवा सहज फिरतो आणि ओढाताण टळते. हा लाभ खरा आहे, परंतु पुढच्या न्हाण्यापर्यंतचा.

देखभालीत आपल्या घरच्या खोबरेलाचे स्थान मानाचे आहे. मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. न्हाण्यापूर्वी लावले असता केसातून धुऊन जाणारे प्रथिन केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसात शिरतात. म्हणजे न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याची आजीची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरली. मात्र खोबरेलही गेलेला दुवा परत आणत नाही. असलेले प्रथिन राखते, इतकेच.

बाकीची पथ्ये साधी आहेत. रुंद दातांचा कंगवा घ्यावा आणि गुंता शेंड्याकडून मुळाकडे सोडवत यावे. ओले केस खसाखसा पुसू नयेत. तापलेली इस्त्री आणि गरम हवेचे यंत्र शक्यतो दूर ठेवावे. फाटे फुटलेली टोके कापावीत. ज्यांनी मलम कायमचे सोडले, त्यांच्या केसात नवा कुरळा आणि जुना सरळ भाग जेथे मिळतात तो सांधा फार नाजूक असतो. तेथे विशेष जपावे. कोणी सरळ भाग एकदम कापून टाकतात, कोणी थोडाथोडा कापत जातात. दोन्ही मार्ग योग्य आहेत.

शेंड्यापेक्षा मुळाची काळजी अधिक महत्त्वाची. अल्काने टाळू भाजली आणि तेथे व्रण राहिला, तर केसाचे मूळच नष्ट होऊ शकते, आणि मग कोणतेही तेल केस उगवू शकत नाही. सरळ केलेल्या केसांच्या घट्ट वेण्या कपाळाच्या कडेची मुळे ओढून काढतात. टाळूची आग, खवखव, किंवा केस विरळ होऊन चकाकणारी त्वचा दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. याहून गंभीर बाब अशी की, अमेरिकेत सुमारे चौतीस हजार स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षे पाहणी करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केस सरळ करणारी द्रव्ये वारंवार वापरणाऱ्यांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा संभव ४.०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळला. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण सावध होण्यास एवढे पुरेसे आहे.

आपल्याकडच्या शहरांत ‘रीबाँडिंग’ आणि ‘केराटीन’ या नावांनी चालणारे उपचार निराळ्या रसायनांचे असतात. पहिल्यात बहुधा थायोग्लायकोलेट असते; दुसऱ्यातील काही द्रव्यांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू सुटतो. थायोग्लायकोलेटने सरळ केलेल्या केसांवर कॉस्टिकचे मलम, किंवा त्याच्या उलट, लावले तर केस मुळापासून तुटून हातात येतात. म्हणून खुर्चीवर बसण्यापूर्वी डब्यावरील नाव वाचावे आणि पूर्वीचा उपचार कोणता होता ते स्पष्ट सांगावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

केस महिन्याकाठी सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण नवे व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात. हा कालावधी कोणत्याही बाटलीने कमी होत नाही. झाडाची पाने करपली तर शेतकरी पानांना रंग देत बसत नाही, बुंध्याशी पाणी घालतो आणि पुढच्या पालवीची वाट पाहतो. जुना शेंडा तुटू न देता सांभाळावा, मूळ निरोगी राखावे, आणि उरलेले काम काळावर सोपवावे.