शेवटच्या दिवशीचा फॉर्म

आमची नात उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेत दोन महिने संशोधन शिकून आली. शेवटच्या दिवशी फॉर्म मिळाला : 'किती शिकलात? एक ते पाच गुण द्या.' प्रमाणपत्र फॉर्म भरल्यावरच, आणि मार्गदर्शक समोर बसलेले! तिने सगळीकडे पाच लिहिले. आमच्या बँकेतही अभिप्राय काउंटरवरच घेत. खाते बंद करून गेलेल्याला कोण विचारणार?

अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजचे डेव्हिड लोपाटो यांनी २००४ साली ४१ संस्थांतल्या १,१३५ विद्यार्थ्यांची अशी पाहणी प्रसिद्ध केली. तीही मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावरच उभी होती. त्यात एक गंमत असते. जाण्याआधी नात म्हणे, "संशोधन कसं करतात, मला ठाऊक आहे." आता म्हणते, "आजोबा, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं." म्हणजे आधी चार गुण, नंतर तीन. कागदावर पोर मागेच गेली! म्हणून काही जाणकार शेवटी दोन्ही एकदम विचारतात : तेव्हा किती येत होते, आता किती येते? मला हे पटते. मात्र फॉर्म निनावी हवा, आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर.

तिच्याबरोबरची एक मुलगी तिसऱ्याच आठवड्यात सोडून गेली. तिला फॉर्म मिळालाच नाही. का गेली, हे नातीला माहीत आहे. प्रयोगशाळेने अजून विचारलेले नाही.