चॅव नावाची शिवी

इंग्लंडमध्ये एखाद्या पोराला ‘चॅव’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ट्रॅकसूट, पांढरे बूट, गळ्यात जाड साखळी, डोक्यावर चौकड्यांची टोपी, राहायला कौन्सिलचं, म्हणजे सरकारी, घर आणि शिक्षणाच्या नावाने बोंब, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. केंट परगण्यातल्या जिलिंगहॅममध्ये मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत मदतनीस होते. ज्यांच्यावर हा शब्द फेकला जातो ती पोरं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

शब्द देशभर गाजला तो २००० नंतर. २००४ मध्ये कोशकार सुझी डेंट यांनी त्याला त्या वर्षाचा शब्द ठरवलं. त्याच सुमारास बर्बेरी या महागड्या कंपनीने आपली चौकड्यांची टोपी विकणं बंद केलं, कारण ती नको त्या डोक्यांवर दिसू लागली होती. बीबीसीच्या ‘लिटल ब्रिटन’ या विनोदी मालिकेत मॅट लुकस हा नट विकी पोलार्ड नावाची मुलगी रंगवायचा: ट्रॅकसूट घातलेली, कशाचंच धड उत्तर न देणारी. देश पोट धरून हसला. मला त्यात माझ्या शाळेत येणाऱ्या कोवळ्या वयाच्या आया दिसायच्या आणि हसू यायचं नाही.

या शब्दाची एक व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते: कौन्सिलच्या घरात राहणारे आणि हिंसक, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं म्हणे. हे मागाहून रचलेलं आहे. दुसरी थाप आमच्या शेजारच्या चॅटम गावाच्या नावावरून. चॅटमची आरमारी गोदी १९८४ मध्ये बंद झाली, हजारोंचा रोजगार गेला, आणि वर गावाच्या नावाने शिवीही चिकटली.

खरा उगम बहुतेक अभ्यासक रोमानी भाषेत मानतात. रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेला निघाले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडमध्ये होते. १५३० च्या कायद्याने त्यांना देश सोडायला सांगितलं आणि १५५४ च्या कायद्याने न जाणाऱ्यांना देहदंड ठेवला. तरी ते टिकले, केंटच्या मळ्यांत राबले आणि त्यांचे शब्द इथल्या बोलीत मुरले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाक, सुरीला छुरी. मुलाला ‘छावो’. आपला ‘छावा’ याच कुळातला. संभाजी महाराजांवरच्या कादंबरीला शिवाजी सावंतांनी जे नाव अभिमानाने दिलं, त्याचं हे दूरदेशी भावंड इथे शिवी होऊन बसलं.

आणि तरीही मूळचा लळा पुरता गेलेला नाही. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक रोमा आजी नातवंडांना न्यायला यायच्या. तिघांची दप्तरं एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताने धाकट्याचं नाक पुसत त्या मोठ्यांना हाक मारायच्या, “चला रे चॅव्हीज!” तीच हाक रस्त्यापलीकडून कुणा टवाळाने मारली असती, तर त्यांनी त्याला सोडला नसता.

न्यूकॅसलकडे हाच शब्द ‘चारवर’ होतो. लिव्हरपूलमध्ये अशा पोराला ‘स्कॅली’ म्हणतात, तो ‘स्कॅलिवॅग’चा, म्हणजे उनाडाचा, तुकडा. बेलफास्टला ‘स्पाइड’. एडिंबरामध्ये मला सगळ्यात क्रूर वाटणारा शब्द आहे, ‘स्कीमी’. तिथे सरकारी घरांच्या वसाहतीला ‘स्कीम’ म्हणतात. म्हणजे पत्ता सांगितला की अपमान झालाच, वेगळी शिवी द्यायलाच नको. ग्लासगोचा शब्द ‘नेड’. त्याच्याही नावाने ‘अशिक्षित गुन्हेगार’ अशी आद्याक्षरं मागून जुळवली गेली. शब्द त्यापेक्षा कितीतरी जुना. २००३ मध्ये रोझी केन या आमदारबाईंनी स्कॉटलंडच्या संसदेत या शब्दाविरुद्ध आवाज उठवला, तर त्यांचीच टिंगल झाली. दिग्दर्शक पीटर मलन यांनी मात्र २०१० मध्ये याच नावाचा सिनेमा काढला आणि १९७० च्या दशकातला एक हुशार मुलगा टोळीत कसा ओढला जातो ते दाखवलं.

गावागणिक शब्द बदलतो, नेम तोच राहतो. ओवेन जोन्स यांनी २०११ च्या ‘चॅव्ज’ या पुस्तकात हेच मांडलं: कारखाने आणि खाणी बंद पडल्यावर कामकरी माणसाच्या गरिबीचा दोष त्याच्याच चालीरीतींवर टाकला गेला. मला ते शंभर टक्के पटतं. जातीवरून किंवा कातडीवरून हसायला जे लोक कचरतात, तेच जेवणाच्या टेबलावर ‘चॅव’ हा शब्द बिनदिक्कत वापरताना मी ऐकले आहेत.

कायद्याचंही तसंच आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांना संरक्षण आहे. सामाजिक वर्गाला नाही. कातडीवरून कुणी कुणाला चिडवलं तर आमच्या शाळेत त्याची वहीत नोंद व्हायची आणि पालकांना बोलावणं जायचं. ‘चॅव’साठी त्या वहीत रकानाच नव्हता. मी ते ‘इतर’खाली लिहायचे, मुलाचं नाव आणि तारीख घालून, आणि पालकांना बोलवा असा आग्रह मुख्याध्यापिकाबाईंपाशी धरायचे.