मीठ, पाणी आणि बालकाचा मेंदू

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींच्या खाऱ्या पाण्याची चव आमच्या पुष्कळ वाचकांस परिचित असेलच. मीठ शरीरास आवश्यक खरें. परंतु त्याचें प्रमाण बिघडल्यास बालकाच्या मेंदूवर कसें संकट ओढवतें, हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें.

मिठांतील सोडियम हें द्रव्य निरोगी मनुष्याच्या रक्तांत दर लिटरमागें १३५ ते १४५ मिलिमोल असतें. कैरीच्या फोडींस मीठ लावलें म्हणजे त्यांस पाणी सुटून त्या आकसतात. शरीरांतही तोच नियम चालतो. हगवणीनें अंगांतील पाणी गेलें, किंवा फार खारट पाणी पाजलें, तर रक्तांतील सोडियम वाढतें. मेंदूच्या पेशींतील पाणी बाहेर ओढलें जाऊन मेंदू आकसतो व क्वचित् त्यावरील सूक्ष्म शिरा तुटतात. मूल प्रथम किरकिरतें, पुढें सुस्त पडतें, व त्यास आकडीही येते. उलट, हगवणींत नुसतें पाणीच पाजीत राहिल्यास सोडियम घटतें. पाणी पेशींत शिरून मेंदू सुजतो. ओकाऱ्या, ग्लानि, आकडी व बेशुद्धि हीं त्याचीं लक्षणें होत.

यावर घाईचा उपाय घातक ठरतो. कांहीं दिवसांत मेंदू बिघडलेल्या स्थितीशीं जुळवून घेतो. मग वाढलेलें सोडियम एकदम उतरविलें तर तो सुजतो. घटलेलें एकदम चढविलें तर मज्जातंतूंच्या आवरणास इजा होते. यास्तव ग्लानि वा आकडी दिसतांच मुलास रुग्णालयांत न्यावें. तेथें रक्त तपासूनच उपचार होतात.

सन १९७१ मध्यें बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी पाजवून असंख्य जीव वांचविले. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २००२ मध्यें अशा मिश्रणांतील सोडियम ९० वरून ७५ मिलिमोलांवर आणलें. मापाचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल.

म्हणून जलसंजीवनीची पुडी तिच्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यांतच कालवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा घालावा. पाणी गोडेंच घ्यावें; खाऱ्या पाण्यांत मीठ आधींच असतें. अंगावरचें दूध थांबवूं नये. स्वयंपाकांत अंदाजाची चिमूट शोभते. आजारी बालकाच्या पेल्यांत मात्र मापच हवें.