मुलाकडे अमेरिकेत कायमचं जायचंय? दुकान विकण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंदा पुढच्या पिढीकडे कसा सोपवायचा ते पाहिलं. पण ज्यांची पुढची पिढी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये जाऊन बसलीय, त्यांनी काय करायचं?

माझ्या एका बॅचला सांगलीकडचे एक हार्डवेअरवाले काका होते, वय ६१. मुलगा म्हणत होता, "बाबा, आता इकडेच या." दुकानाला गिऱ्हाईकही आलं होतं, बयाणा घ्यायचीच वेळ होती. मी त्यांना एवढंच विचारलं, मुलगा तिथला नागरिक झालाय का? काका म्हणाले, नोकरी मोठी आहे, घर घेतलंय. मी म्हटलं, ते नाही विचारलं. रात्री त्यांनी फोन केला तेव्हा कळलं, मुलगा अजून एच-वन बी व्हिसावर आहे.

इथेच सगळं अडतं, बरं का. आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज फक्त अमेरिकी नागरिक असलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगीच करू शकते. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही, एच-वन बी तर नाहीच नाही. आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, ते तुमच्या मुलालाच विचारा. तोपर्यंत तुमच्या हातात पाहुण्यांचा व्हिसा. त्यावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. पाहुणा म्हणून जाण्यासाठी कुणी दुकान विकतं का?

बरं, मुलगा नागरिक आहे असं धरू. मग प्रश्न दवाखान्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच. तिथल्या ज्येष्ठांना सरकारी मेडिकेअर असतं, पण तुम्ही तिथे नोकरी केलेली नाही. त्यामुळे वय ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं वास्तव्य, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच ते विकत घेता येतं. विकत म्हणजे खरंच विकत. नुसत्या हॉस्पिटलच्या भागाचा हप्ताच माणशी महिना ५०० डॉलरच्या वर जातो. नवराबायको दोघांचा गुणाकार करा. मधल्या पाच वर्षांत खासगी विमा. आणि पाहुणा म्हणून गेलात तर प्रवासी विमा, ज्यात जुनी शुगर, जुनं बीपी सहसा धरत नाहीत. हा खर्च डॉलरमध्ये आणि तुमचं भाडं, व्याज रुपयात. मुलाला संकोच न करता विचारा, हे कोण भरणार? पन्नास लाखांची उधारी वसूल करताना लाजला नाहीत, मग इथे कशाला लाजायचं?

आता पैशाकडे येऊ. ग्रीन कार्डवर तिथे पाऊल टाकलं की तुमची जगभरातली कमाई अमेरिकेला दाखवावी लागते. इथल्या गाळ्याचं भाडं, एफडीचं व्याज, सगळं. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मिळते, पण कागद रंगवावेच लागतात. पीपीएफचं इथे करमुक्त असलेलं व्याज तिथे करमुक्त नाही. आपल्या म्युच्युअल फंडांना तिथे वेगळा, चांगलाच कडक नियम लागतो. सगळ्या भारतीय खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्यात तुमच्या सहीचं दुकानाचं करंट खातंही आलं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि बहुतांश शेअर्स तुमच्याच नावावर असतील, तर तिचा आणखी एक फॉर्म. तो राहिला तर दंड १०,००० डॉलरपासून सुरू.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जे विकायचंच आहे ते ग्रीन कार्डवर जाण्याआधी विका. नंतर विकलंत तर अमेरिका नफा तुमच्या मूळ खरेदीपासून मोजते, आणि इथे तुम्ही अनिवासी झालेले असता. अनिवासी माणसाची जागा घेणाऱ्याला साधा १ टक्का टीडीएस कापून चालत नाही. जुन्या जागेला १२.५ टक्के आणि वर सेस कापावा लागतो, तोही बऱ्याचदा पूर्ण किमतीवर, कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर. शेतजमीन मात्र विकायची घाई नको. आधीपासून नावावर असलेली ठेवता येते, अनिवासी झाल्यावर नवीन घेता येत नाही. आणि जाताना बँकेला सांगून बचत खातं एनआरओ करून घ्या. त्यातून कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यामुळे "पैसे अडकतील" ही भीती सोडा.

दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर दुसऱ्याला देताना तुमचा जीएसटी नंबर त्याच्याकडे जात नाही. त्याने नवीन नोंदणी करायची, आणि तुमचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने त्याच्याकडे वळवायचं. बहुतेक जण नंबर आधी बंद करून मोकळे होतात आणि मग सीएकडे धावतात.

काकांना मी म्हटलं, बयाणा घेऊ नका, आधी पाहुणे म्हणून पाच महिने राहून या. दुकान जुन्या दिवाणजींच्या हवाली करा आणि रोज फोन करायचा नाही. ऑक्टोबरमध्ये गेले. तिथे दूध आणायलासुद्धा गाडी लागते आणि काकांना तिथली गाडी चालवता येत नाही. जानेवारीच्या बर्फात ते खिडकीशी बसून राहिले. काकू मात्र नातवात रमल्या, त्यांना परत यायचंच नव्हतं. हे असं दोघांचं वेगळं निघणं फार घरांत होतं आणि दुकान विकून झाल्यावर कळतं.

इकडे दुकानाचंही कळलं. विक्री जवळपास तेवढीच राहिली, उधारी मात्र फुगली, कारण वसुलीला काकांचा चेहरा लागायचा. मालकाशिवाय चालणारं दुकान धंदा म्हणून विकलं जातं. नाहीतर तुम्हाला फक्त जागेचे आणि मालाचे पैसे मिळतात. काकांना आलेलं पहिलं गिऱ्हाईक तेवढेच द्यायला तयार होतं.

परत आल्यावर त्यांनी दिवाणजींना भागीदार करून घेतलं, रीतसर भागीदारी पत्र करून. उधारीची मर्यादा ठरवली, ३० दिवस. मुलाचा ग्रीन कार्डचा नंबर अजून लागलेला नाही. काकू या दिवाळीनंतर पुन्हा सहा महिन्यांसाठी जाणार आहेत, काका मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर.